दूरस्थ कोण?

‘हजर’ या शब्दाचा अर्थ आपल्या न्यायालयांनी वीस वर्षांपूर्वीच मोकळा केला आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या २००३ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की साक्षीदार अमेरिकेत बसून व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष देत असेल आणि आरोपी व त्याचा वकील ती पाहत-ऐकत असतील, तर ती साक्ष आरोपीच्या हजेरीत झाली असेच समजायचे. २०२० च्या एप्रिलपासून देशभरची न्यायालये पडद्यावर चालली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर खटला, चौकशी, साक्ष हे सारे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करायला कलम ५३० मध्ये उघड परवानगी दिली. ज्या साक्षीवर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते ती पडद्यावरून चालते. जामीन पडद्यावर मिळतो, कोठडीची मुदत पडद्यावर वाढते. पडद्यावरून चालत नाही ती एकच गोष्ट : कायदा शिकणे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदेशिक्षणाचे नियम २००८ सालचे आहेत. त्यांत नियमित अभ्यासक्रमाची व्याख्या अशी : रोज सलग पाच तास, वर अर्ध्या तासाची सुट्टी, आठवड्याला किमान तीस तास. पूर्ण निवासी नसलेल्या महाविद्यालयाने वर्ग घ्यायचे ते सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळात. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी भरली पाहिजे, अगदीच अपवाद म्हणून ६५. नाहीतर परीक्षा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई असलेल्या विषयांची यादी आहे. त्या यादीत वैद्यक आहे, दंतवैद्यक आहे, परिचर्या आहे, विमानाची देखभाल आहे, आणि त्यांच्याच पंगतीला कायदा बसवला आहे. शस्त्रक्रिया घरी बसून शिकता येत नाही हे मला पटते. विमान दुरुस्त करायला विमान लागते हेही पटते. पण प्रस्ताव म्हणजे काय, स्वीकृती म्हणजे काय, प्रतिफल कशाला म्हणतात, हे शिकायला नेमके कोणते यंत्र लागते?

गंमत पुढे आहे. त्याच २००८ च्या नियमांनुसार, बारावी रीतसर झालेल्या माणसाने पदवी पत्राद्वारे किंवा दूरस्थ पद्धतीने घेतली असेल, तर तो कायद्याच्या प्रवेशाला पात्र ठरतो. म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र घरी बसून शिकलात तर ते खरे शिक्षण. उंबरठा ओलांडून कायद्याच्या पहिल्या सत्रात पाऊल टाकले, की तोच माणूस, तोच पडदा, तोच कंदिलाखालचा अभ्यास एकाएकी खोटा होतो.

मी हे लांबून पाहून बोलत नाही. तालुक्याच्या न्यायालयासमोर टायपिंगचे टेबल टाकून मी अकरा वर्षे बसले. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, साठेखत, वारस नोंदीचा अर्ज, हक्कसोडपत्र, वकीलपत्र, जे येईल ते टाइप केले. बी.ए. झाले ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. एलएल.बी.ला प्रवेश घेतला २०२०-२१ या वर्षात. आमच्या तालुक्यापासून सर्वांत जवळचे विधी महाविद्यालय सत्तर किलोमीटरवर, एसटीने जायला दोन तास, यायला दोन तास. एरवी हा विचार मनात आणणेही मला परवडले नसते. पण त्या वर्षी महाविद्यालयेच बंद होती, आणि पहिले सत्र पूर्णपणे ऑनलाइन झाले. आज माझ्याकडे सनद आहे. त्या सत्राचे गुण माझ्या गुणपत्रिकेवर आहेत आणि ते कुणी नाकारलेले नाहीत. साथ आली तेव्हा कायदा पडद्यावरून शिकता आला. साथ गेली आणि तो पुन्हा शिकता येईनासा झाला. असा हा विषाणूवर अवलंबून असलेला विषय आहे.

त्या सत्रात आम्हाला चार विषय होते : करार कायदा, अपकृत्य कायदा, कामगार कायदा, कुटुंब कायदा. या विषयांत काय असते ते वाचकांना थोडे सांगितले पाहिजे, कारण वाद त्यावरच आहे.

करार कायदा १८७२ चा. त्याच्या पहिल्या काही पानांतच दूर बसलेल्या दोन माणसांचा करार कसा होतो हे सांगितले आहे. कलम ४ म्हणते, की स्वीकृतीचे पत्र स्वीकारणाऱ्याच्या हातातून सुटून टपालात पडले, की प्रस्ताव मांडणाऱ्यापुरती ती स्वीकृती पूर्ण झाली. नंतर टेलिफोन आला. खामगावच्या एका जिनिंगवाल्याने अहमदाबादच्या व्यापाऱ्याशी सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर केला आणि सौदा मोडला तेव्हा प्रश्न आला, की करार झाला कुठे? सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये भगवानदास केडिया यांच्या प्रकरणात सांगितले, जिथे स्वीकृती ऐकू आली तिथे, म्हणजे अहमदाबादला. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकावरून झालेले करारही ग्राह्य धरले. करार कायद्याचा दीडशे वर्षांचा प्रवास हा मुळी अंतर ओलांडण्याचा प्रवास आहे. दूर बसलेल्या दोन माणसांची मने जुळू शकतात, हे तो कायदा मानतो. गुरू आणि शिष्याची मात्र जुळू शकत नाहीत, असे त्या कायद्याचे रखवालदार म्हणतात.

आता माझ्या टेबलाकडे येते. अकरा वर्षांत मी हक्कसोडपत्रे किती टाइप केली याची मोजदाद नाही. मजकूर ठरलेला असतो. बहिणी येतात, भावाच्या गाडीतून येतात. ‘मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता’ हे वाक्य प्रत्येकीच्या नावाने उतरते. मग सही, अंगठा, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, आणि दुपारच्या जेवणाआधी मंडळी परत. ज्या वर्षी मी प्रवेश घेतला त्याच वर्षी, ११ ऑगस्ट २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितले होते, की हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी जन्मतःच सहदायाद असते. २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. हा निकाल मला ऑनलाइन वर्गात कळला. त्याच महिन्यात करार कायद्याच्या तासाला कलम १४ आणि १६ झाले : मुक्त संमती आणि अनुचित प्रभाव. एक माणूस दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि त्या स्थितीचा वापर करून गैरवाजवी फायदा घेत असेल, तर ती संमती मुक्त नाही.

मी तास ऐकत होते त्याच टेबलावर बसून, कानात एक बोंड घालून, समोरच्या पडद्यावर अर्धवट टाइप केलेले हक्कसोडपत्र. त्या दिवसापासून मी एक गोष्ट सुरू केली. टाइप करण्याआधी बहिणीला बाजूला घेऊन विचारायचे, ताई, यात काय लिहिलंय ते वाचून दाखवू का? बहुतेक जणी हो म्हणायच्या. वाचल्यावर बहुतेक जणी सहीही करायच्या, कारण माहेर तुटेल ही भीती कलम १६ पेक्षा जुनी आहे. पण काही जणी म्हणाल्या, थांबा, मी घरी जाऊन विचार करते. अशा किती परत आल्या नाहीत, ते मी मनात मोजले आहे.

आता सांगा, हे शिक्षण दूरचे होते की जवळचे? सत्तर किलोमीटरवरच्या वर्गात बाकावर बसून मी अनुचित प्रभावाची व्याख्या पाठ केली असती, पाच गुणांचे उत्तर लिहिले असते, आणि त्याच वेळी माझ्या रिकाम्या टेबलावर दुसऱ्या कुणीतरी तीच हक्कसोडपत्रे टाइप केली असती. ‘दूरस्थ शिक्षण’ या शब्दातच एक अहंकार आहे. महाविद्यालय मध्यभागी आणि विद्यार्थी दूर, असे तो शब्द गृहीत धरतो. ज्यांच्यासाठी कायदा आहे त्यांच्यापासून मोजले तर दूर महाविद्यालय आहे. मी कायद्यापासून वीस पावलांवर होते.

पडद्यावरच्या वर्गाचे मला कौतुकच करायचे आहे असे नाही. रेंज जायची. एक प्राध्यापक पुस्तक वाचून दाखवायचे आणि त्यालाच व्याख्यान म्हणायचे. एकाने चार आठवडे इंग्लंडमधल्या धुराच्या गोळ्यांच्या जाहिरातीवर काढले. १८९२ चा तो खटला महत्त्वाचा खराच, पण एवढ्या काळात आमच्या जिल्ह्यातल्या बोगस बियाण्याच्या जाहिरातीचे एकही उदाहरण निघाले नाही. परीक्षा घरून द्यायची, चार पर्यायांतून एक निवडायचा. ती परीक्षा म्हणजे परीक्षेची थट्टा होती. हे सगळे दोष मला मान्य आहेत. पण पुढची पाच सत्रे मी खोली भाड्याने घेऊन, टेबल भाचीच्या हाती सोपवून, साठवलेले पैसे मोडून प्रत्यक्ष वर्गात बसून केली, आणि तिथेही पुस्तक वाचून दाखवणारे होतेच. आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही. पोहरा दोराने खाली सोडला की वायरने, याने काय होणार?

त्या ऑनलाइन वर्गात माझ्याबरोबर कोण होते ते सांगते. एक अंगणवाडी सेविका होती. एसटीचा एक वाहक होता, मुक्कामाच्या गाडीत बसून तास ऐकणारा. ऊसतोड कामगारांच्या संघटनेत काम करणारा एक जण होता. कामगार कायद्याच्या तासाला मुकादमाला उचल म्हणून घेतलेल्या पैशाचा प्रश्न त्यानेच काढला आणि प्राध्यापकांना पुढच्या तासापर्यंत मुदत मागावी लागली. दोन मुलांची एक आई होती, माइक बंद ठेवून पोळ्या लाटत ऐकायची आणि प्रश्न लिहून पाठवायची. वर्गातले सर्वांत नेमके प्रश्न तिचे असत. पुढे महाविद्यालय उघडले, हजेरीपट उघडला, ७० टक्क्यांचा नियम परत आला. या चौघांपैकी तिघे त्या वर्षीच गळाले. कुणी नापास झाले नाही. नापास होण्यासाठी आधी परीक्षेला बसू द्यावे लागते.

इथे मला ठरलेले उत्तर मिळते : हा दर्जाचा प्रश्न आहे. वकील म्हणजे गिरणीतून पडणारे पीठ नव्हे, त्याला संस्कार लागतात, वर्गातली शिस्त लागते. बरे तर, संस्कारांचा इतिहास पाहू. मोहनदास गांधी १८८८ ते १८९१ या काळात लंडनच्या इनर टेंपलमध्ये बॅरिस्टर झाले. त्यासाठी काय लागे ते त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. परीक्षा द्यायच्या, आणि बारा टर्म ‘भरायच्या’. टर्म भरायची म्हणजे व्याख्याने ऐकायची नव्हेत; दर टर्मला साधारण चोवीस जेवणे असत, त्यांतल्या किमान सहा जेवणांना हजर राहायचे. अभ्यास ज्याचा त्याने करायचा. गांधींनी तो स्वतः केला, रोमन कायदा लॅटिनमधून वाचला. त्या काळच्या बॅरिस्टरांनी, ज्यांच्या तसबिरी आज आपल्या बार रूमच्या भिंतींवर आहेत, हजेरी लावली ती पंगतीत. लंडन विद्यापीठाने तर १८५८ पासून बाहेरून परीक्षा देण्याची वाट खुली केली. नेल्सन मंडेला यांची एलएल.बी.ची पदवी दक्षिण आफ्रिकेच्या दूरस्थ विद्यापीठाची, १९८९ सालची. तेव्हा ते कैदेत होते. आपल्या नियमांनी त्यांना विचारले असते, ७० टक्के भरले का?

आणि घरचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. वर्गात शिकवण्याची किंमत त्यांना कुणी सांगायला नको होती. त्यांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, कारण शिकू पाहणारा मुलगा दिवसा कुठेतरी कारकुनी करत असणार हे त्यांना माहीत होते. विद्यार्थ्याच्या दिवसाकडे पाहून त्यांनी महाविद्यालयाचे वेळापत्रक लावले. आपण वेळापत्रक आधी लावतो आणि त्यात न बसणाऱ्या विद्यार्थ्याला अपात्र ठरवतो. रोजचे सलग पाच तास कुणाकडे असतात? ज्याच्या घरी दुसरे कुणी कमावते त्याच्याकडे. हा नियम गुणवत्ता मोजत नाही, बापाची ऐपत मोजतो.

दुसरे उत्तर मिळते ते असे : सूट दिली की पदव्यांची दुकाने उघडतील. यावर हसावे की रडावे कळत नाही. दुकाने उघडलेली आहेत, आणि ती याच नियमाच्या आडोशाला उघडलेली आहेत. ‘हजेरीचं बघून घेऊ’ हे वाक्य कायद्याच्या वर्तुळात वावरणाऱ्या कुणालाही नवे नाही. फी भरा, परीक्षेला या, मधले आम्ही सांभाळतो. नोकरीवाला माणूस दोनशे कोस दूरच्या महाविद्यालयात नाव घालतो, मस्टरवर रोज हजर असतो आणि कचेरीतही रोज हजर असतो. देवालाही न जमलेली गोष्ट तो करून दाखवतो. हेच खरे दूरस्थ शिक्षण आज देशभर चालू आहे. त्यात फक्त शिक्षण नाही, अंतर तेवढे आहे. जो प्रामाणिकपणे सांगतो, की मी रोज येऊ शकत नाही पण अभ्यास करतो, परीक्षा घ्या, त्याला दार बंद. खोटी हजेरी विकत घेतो त्याला सनद. न्यायाच्या व्यवसायात शिरण्याचा पहिला धडा खोट्या नोंदीचा असावा, याला कोणता संस्कार म्हणायचे?

म्हणूनच वाचकांपैकी कुणी ‘घरबसल्या वकील व्हा’ अशा जाहिराती पाहत असेल तर स्पष्ट सांगते : आजच्या नियमांत दूरस्थ एलएल.बी.वर सनद मिळत नाही. पैसे घालवू नका. माझे भांडण त्या दुकानदारांच्या बाजूने नाही. सरकारी, जबाबदार, उघड वाट नाही म्हणून त्यांची आडवाट चालते, एवढेच माझे म्हणणे.

हजेरीच्या सक्तीची दुसरी बाजूही आहे आणि ती फार दुःखाची आहे. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न दिलेल्या दिल्लीतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने २०१६ मध्ये जीव दिला. त्या प्रकरणाचा निकाल ३ नोव्हेंबर २०२५ रोजी लागला. दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ हजेरी कमी पडली म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, आणि बार कौन्सिलने हजेरीच्या नियमांचा फेरविचार करावा. एका उच्च न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच हजेरीपटाचे काय होऊन बसले आहे ते कळते. पण त्या निकालाने सुटतो तो आधीच आत असलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न. जो दाराबाहेर आहे, ज्याने फीची पावती फाडण्याआधीच एसटीचे वेळापत्रक पाहून बेत सोडून दिला, त्याचा अर्ज कोणत्याच न्यायालयासमोर नाही.

तिसरे उत्तर सर्वांत सरळ आहे, आणि ते सहसा चहाच्या टपरीवर मिळते : वकील आधीच फार झाले आहेत, आणखी कशाला? हे म्हणणारे जिल्ह्याच्या आणि उच्च न्यायालयाच्या आवारातली गर्दी पाहून बोलतात. त्यांनी आमच्या तालुक्यात यावे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज घेऊन आलेली बाई पाहावी, जिला तिची गोष्ट एका पुरुष वकिलाला, सासऱ्याच्या ओळखीच्या माणसाला, सांगावी लागते. गर्दी आहे ती एका प्रकारच्या वकिलांची. ज्या घरांतून आजवर वकील आले नाहीत त्या घरांतून एक जरी आला, तर ती गर्दी नव्हे. आणि गाळणी हवीच असेल तर ती आहे. पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, आणि ती घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे. ती परीक्षा कठीण करा, लेखी करा, तीत वादपत्राचा मसुदा करायला सांगा. शेवटी कस लावणार असाल तर सुरुवातीला कुंपण कशाला?

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. वकिली हे हाताने, जिभेने, डोळ्यांनी शिकण्याचे काम आहे. उलटतपासणी पडद्यावर पाहून येत नाही. न्यायाधीशांचा चेहरा कधी वाचायचा आणि तोंड कधी मिटायचे, हे न्यायालयातच कळते. अगदी बरोबर. पण म्हणूनच हे काम बहुतेक ठिकाणी पहिल्या सत्रात नसते. मसुदा लेखन, अभिरूप न्यायालय, व्यावसायिक नीती हे विषय सहसा पुढच्या सत्रांत येतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची उमेदवारीही आहे. पहिले सत्र पाया घालण्याचे : व्याख्या, तत्त्वे, निकाल, भाषा. आणि ज्याला न्यायालयच शिकवते म्हणता, ते शिकायला विधी महाविद्यालयातले लाकडी कटघरे लागते की तालुक्याचे खरे न्यायालय? माझ्या ओळखीच्या कितीतरी पदवीधरांनी पहिला पुकारा ऐकला तो सनद मिळाल्यावर. मी तो सनदेच्या कितीतरी आधीपासून रोज ऐकत होते, आणि त्याला हजेरीपटावर खाना नव्हता.

भाषेबद्दलही दोन शब्द. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. पण पहिल्या सत्रातला विद्यार्थी ‘कन्सिडरेशन’ शिकतो आणि ‘प्रतिफल’ हा शब्द त्याला पहिल्यांदा भेटतो तो न्यायालयात, विरुद्ध बाजूच्या लेखी म्हणण्यात. शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश महाविद्यालयाच्या कपाटात धूळ खात पडलेला मी पाहिला आहे. एका महाविद्यालयाला मराठीतून करार कायदा चांगला शिकवणारा माणूस मिळणे कठीण, हे मी समजू शकते. राज्यभरातून असे चार जण मिळणे कठीण नाही. त्यांची व्याख्याने एकदा नीट ध्वनिमुद्रित केली तर ती गडचिरोलीलाही पोचतील आणि सिंधुदुर्गालाही. हेच ओडियाचे, हेच कन्नडचे, हेच आसामीचे. हे नियतकालिक ज्या ज्या भाषांत वाचले जाते, त्या प्रत्येक भाषेत कुठल्यातरी कचेरीबाहेर कुणीतरी दुसऱ्याच्या दुःखाचा अर्ज टाइप करत बसलेले आहे, आणि त्या अर्जामागचा कायदा शिकायची त्याला बंदी आहे.

नुसते ओरडून भागत नाही, म्हणून मागणी नेमकी करते. संपूर्ण एलएल.बी. पडद्यावर न्या असे मी म्हणत नाही. पहिल्या सत्रापासून सुरुवात करा. एक, पहिल्या सत्राचे विषय दूरस्थ पद्धतीने शिकवण्याची परवानगी फक्त सरकारी मुक्त विद्यापीठांना द्या. खासगी दुकानदाराला नको. दोन, परीक्षा लेखी, जिल्ह्याच्या ठिकाणी, पर्यवेक्षकासमोर, आणि जिल्हा न्यायालयाच्या भाषेत लिहिण्याची मुभा असलेली. तीन, हजेरी हवीच असेल तर ती न्यायालयात मोजा : विद्यार्थ्याने महिन्यातले चार दिवस आपल्या तालुक्याच्या न्यायालयात बसावे, पाहिलेल्या कामाची वही लिहावी, आणि तालुका विधी सेवा समितीने ती तपासून सही करावी. चार, जो या सत्रात लेखी परीक्षेत उतरेल त्यालाच पुढच्या, प्रत्यक्ष वर्गांच्या सत्रांत प्रवेश. आणि त्या वर्गांपैकी काही नोकरीआधी सकाळी आणि नोकरीनंतर रात्री. यात कुठे दर्जा उतरतो ते बार कौन्सिलने कलमवार दाखवावे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण झाली ती ज्यांना ती पायरी परकी होती त्यांच्या तोंडून. त्या पायरीशी बसून जन्म काढणाऱ्यांना ती चढायची आहे, अक्कलहुशारीने, परीक्षा देऊन, कुणाची मेहेरबानी न घेता.

माझा प्रस्ताव मांडून झाला. बार कौन्सिलने तो विचारात घ्यावा, त्यासाठी मला दिल्लीला बोलावण्याची गरज नाही. स्वीकृतीचे पत्र पेटीत टाकले तरी पुरे. १८७२ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ते पेटीत पडले त्या क्षणापासून मी बांधलेली आहे.